दोन बोटं आखूड

मॉरीनबाईंच्या माळ्यावरून ती खाली आली
पडद्यात गुंडाळलेली,
मोठ्या नारिंगी फुलांचा पडदा,
दोन जागी पायजम्याच्या नाडीने आवळलेला.
"मिस्टर जी, तुम्ही स्प्रिंगवाले," त्या म्हणाल्या,
"बघा काही जमतंय का. नाहीतर द्या भंगारात."

खरंय. या रेडिचमध्ये एकतीस वर्षं
मी तारेला वेढेच घालत आलो.
गाद्यांच्या, गाड्यांच्या, बॉलपेनांच्यासुद्धा.
गावाचं नाव आधी सुयांनी झालं, मग आमच्यामुळे.

शेडमध्ये दिवा लावून नाड्या सोडल्या.
दस्त्यावर बुरशी, पोलादावर तांबूस पुरळ,
नळीच्या तोंडात कोळ्याचा कापूस.
छऱ्यांची बंदूक, साधी, पोरासोरांची,
असं म्हणत बिजागरीशी आलो
आणि हात थबकला.
भरलेली होती.

चाळीस वर्षं, वर दोन-तीन,
आत स्प्रिंग दाबलेली, पुढे एक छर्रा.
आणि खाली घर चाललेलं:
किटली, मुलींची लग्नं, रॉनचं दुखणं,
रॉनला पोचवून आल्यावरची काकडीची सँडविचं.

नळी मोडून छर्रा काडीने मागे ढकलला.
शिसं पांढरं पडलेलं, मिठागरासारखं फुललेलं.
मग डाव्या हाताने नळी गच्च धरून
खटका दाबला, आणि सोडत आणली हळूहळू,
खांद्यावर झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तशी.
घाम पुसला. ऑक्टोबर होता, तरी.

स्प्रिंग पट्टीशेजारी ठेवली:
दोन बोटं आखूड.
फार काळ दाबून ठेवलं की पोलाद
आपली उंची विसरतं.
कारखान्यात याला आम्ही दोघं-तिघं मराठी
"बसली" म्हणायचो.
आवाज बसतो, धंदा बसतो, तशी.

चामड्याचा वॉशर पापड झालेला.
जॅमच्या बरणीत तेल घालून बुडवला, नऊ दिवस.
घरात कालिंदीचे घट, अखंड दिवा;
शेडमध्ये माझी ही बरणी.
तेल गुरांच्या खुरांचं आहे
हे तिला सांगितलं नाही.
खंडेनवमीला तिने पान्यांवर झेंडू ठेवला,
लेथवर ठेवला, ग्राइंडरवर ठेवला,
बंदुकीपाशी थांबली. "ही परक्यांची."
दाराशी जाऊन परत आली
आणि एक फूल ठेवलं, जरा अंतरावर.

नवी स्प्रिंग मीच ओढली.
पहिली बिघडली, हात आता थरथरतो.
दुसरी बसवली, स्क्रू आवळले,
गंज घासून खालचा निळा काळोख वर आणला.

रविवारी त्यांच्या बागेत वाळूची पोती रचली,
पुढे बीन्सचा रिकामा डबा.
मी दोन मारले. दोन्ही पोत्यांत.
"आणा इकडे."
अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने चष्मा कपाळावर सारला,
दस्ता गालाशी लावला
आणि उभ्या राहिल्या अशा, की मला वाटलं
ही पाठ मी कधी पाहिलीच नाहीये.
टण्.
डबा लोळत गुलाबांच्या वाफ्यात गेला.

"तुमच्या भावाची ना ही? कॉलिनची?"
"त्याचीच," चहा ओतत त्या म्हणाल्या,
"पण भरली होती मी."
दूध घालू का, या सुरात.

कधी, कशासाठी,
जिन्यावर कोणाची पावलं वाजत असताना,
मी विचारलं नाही.
चमचा मात्र त्या फिरवत राहिल्या
साखर कधीच विरघळून गेल्यावरही.

"जुनी स्प्रिंग टाकलीत का?"
होती खिशातच. दिली.
बोटांनी त्यांनी ती एकदा दाबून पाहिली,
एप्रनच्या खिशात सोडली,
आणि म्हणाल्या, "डबा लावा पुन्हा.
या खेपेला
थोडा लांब."